उरलेल्यांची वही

आई, तुझी पणती, म्हणजे माझी नात, आज पुन्हा कामावर उशिरा पोचली. लग्न करून मला ज्या माण गावात तू दिलंस, तिथे आता डोक्यावरून मेट्रो धावते. नवी कोरी आहे, पण लोक तिच्यावर असे तुटून पडलेत की पोरीच्या डोळ्यांदेखत दोन गाड्या भरून निघून गेल्या. तिकीट खिडकीवरच्या माणसाला तिने विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, गाड्या वेळेवर सुटतायत, भरून जातायत, अजून काय पाहिजे?" ती हे चिडून सांगत होती आणि मला हसू आलं. तिला वाटलं, म्हातारीला काही कळत नाही. मला कळायचं ते आपल्या गावी, कोळवणातच, परकराच्या वयात कळलं होतं.

आपल्याकडे एसटी नवीन आली तेव्हाचे दिवस आठवतात? सकाळी एकच गाडी कोळवणातून पौडमार्गे पुण्याला जायची. पहिले काही दिवस लोक तिला नुसते बघायला यायचे, मग बसायला लागले, आणि वर्ष उलटायच्या आत दारात लोंबकळायला लागले. वाड्यावाड्यांतून माणसं तांदळाची बोचकी, कोंबड्या, आजारी सासरे घेऊन फाट्यावर उभी असायची. कंडक्टर दोनदा घंटी मारायचा आणि निम्मी माणसं धुळीत मागे उरायची. मला त्या गाडीने पौडच्या हायस्कुलात जायचं होतं. दुसरी गाडी आली तर माझी शाळा, नाहीतर चूल आणि खाचर. एवढं साधं होतं ते.

पंचायतीने अर्ज केला आणि डेपोचे साहेब पाहणीला आले. तू त्या दिवशी खाचरात लावणीला होतीस, म्हणून तुला ते दृश्य दिसलं नाही. मला आजही दिसतं. गाडी उभी आहे, साहेब खिडकीपाशी ऐसपैस बसलेत, शेजारची बाकं रिकामी, आणि सगळं गाव उंबराखाली हात जोडून उभं आहे. साहेब म्हणतायत, "अहो, चढा की!" आणि एक म्हातारा म्हणतोय, "न्हाई न्हाई, तुमी बसा निवांत. आमी काय, रोजचंच हाय." पाहुण्याला दाटीत बसवायचं नाही, ही आपली रीत. साहेबांनी लिहून नेलं, की गाडीत जागा रिकामी राहते, दुसऱ्या गाडीची गरज नाही.

संध्याकाळी तू चुलीपुढे बसलीस आणि भाकरी अशी थापत होतीस की परात हलत होती. "सायबाला मान दिला आन् आपलीच मान कापून घेतली," तू म्हणालीस. "कुणाच्या टकुऱ्यातनं निघालं ह्ये?" मी खाली मान घालून जेवत राहिले. मग तू हात धुतलेस, कनवटीची नाणी सोडलीस आणि मला दुकानातून वही आणायला पाठवलंस. आयुष्यात तू मला विकत घेऊन दिलेली पहिली वस्तू ती. "उद्यापास्नं फाट्यावर हुबं ऱ्हायचं. जो गाडीत बसला त्याचं नाव लिव्हायचं न्हाई. जो मागं उरला त्याचं लिव्हायचं."

ते मी रोज लिहिलं. गाडी गेली की नावं उतरवायची, शेवटी माझं लिहायचं, आणि मग तुझ्यामागून पौडची वाट धरायची. येताना संध्याकाळची परतीची गाडी मिळायची, जाताना मात्र चालणंच. मला शाळेच्या दारात सोडून तू उलट्या पावली खाचराकडे जायचीस. सगळा पावसाळा तू असा काढलास. टाचांच्या भेगांत रात्री मेण भरायचीस आणि एकदाही म्हणाली नाहीस, की पुरे झाली शाळा.

दिवाळी झाल्यावर तू मला घेऊन डेपोत गेलीस. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. तू बाकावर मांडी घालून बसलीस. दुपार कलल्यावर साहेबांनी बोलावलं, तेव्हा तू वही त्यांच्यापुढे ठेवलीस. "तुमी बसल्याली मानसं बघितली. ही उरल्याली हायेत. वाचा." ते पानं उलटत गेले. एका नावावर त्यांचं बोट थांबलं. "हे नाव प्रत्येक पानावर कसं?"

"ती माझी लेक हाय," तू म्हणालीस. "हिला म्या मागं उरू देनार न्हाई."

संक्रांतीच्या आत दुसरी गाडी सुरू झाली. तिच्यात मला जागा मिळाली आणि मी शिकले.

आज मी तुझ्या पणतीला शंभर पानी वही आणायला सांगितली आहे. उद्यापासून मी स्टेशनवर बसणार. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. मागे राहील त्याला नाव विचारीन, आणि वही भरली की ती कुठे नेऊन ठेवायची हे मला ठाऊक आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तू डेपोतून परत आणलेल्या त्या जुन्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिते आहे, तिथेच राहील.

एक मात्र सांगायचं राहिलं. पाहणीच्या आदल्या दिवशी गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला घरोघरी पाठवलं होतं, "साहेब गर्दी बघायला येणार आहेत" असं सांगायला. मला त्या गर्दीची लाज वाटली, कोंबड्यांची, बोचक्यांची. वाटलं, साहेब खूश झाले तर गाडी देतील. म्हणून मी दारोदार सांगितलं, "सायब येनार हायेत, गाडी मोकळी ठेवा." तू विचारत होतीस ना, कुणाच्या टकुऱ्यातनं निघालं? माझ्याच, आई.