धर्मराजकाकांचा डबा तापला त्याची हकीकत

कॅम्प नं. ३, उल्हासनगर

ती. आत्यास,

मिलिंदचा सविनय जय भीम. गुडघा कसा आहे? बदलापुरात नसते जिने चढू नकोस. फोनवर तू मधेच ओरडतेस, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे, फक्त उजवा हात वर होत नाही, सबब हे कोंबडीच्या पायांचं अक्षर डाव्या हाताचं आहे.

रविवारी तू अंबरनाथला धर्मराजकाकांकडे जाऊन माझ्यासाठी प्रीतीला मागणी घालणार, आणि तोवर मी तोंड उघडायचं नाही, हे ठरलं होतं. मी कुठे उघडत होतो? टीव्हीच्या डिशचा डबा बंद पडला म्हणून काकाच तो माझ्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन आले. आतली चिप जळाली होती. कॅम्प दोनच्या स्पेअर पार्टवाल्या शेठने दुसऱ्या बनावटीची दिली, वर म्हणाला, "सेम टू सेम है, आँख बंद करके लगा दे." लावली. दिवसभर चालवली, चित्र एकदम झकास. (माझ्या टेबलावर सतत पंखा चालू असतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात यावं?)

काल संध्याकाळी प्रीतीची धाकटी बहीण मैत्रेयी पहिल्यांदाच टीव्हीवर गाणार होती. अख्खी चाळ काकांच्या खोलीत. पुढे पोरींच्या सुंदराबाई आजी, नवं लुगडं नेसून, चष्मा पुसून (मोबाईलवरचं त्यांना दिसत नाही). आणि डबा कुठे, तर काचेच्या बंद शोकेसमध्ये, वर विणलेला रुमाल! मैत्रेयीचं नाव पुकारलं आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज गचके खायला लागला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. काकांची सगळ्यात शेवटी. गेली सोयरीक, म्हटलं.

पण दुखणं मला तिथल्या तिथे कळलं, आत्या. ही चिप आकाशातून आलेला चित्राचा माल सोडवते आणि डब्यातल्या घड्याळाच्या ठोक्याठोक्याला पुढच्या चिपच्या हातात देते. जुनी चिप दोन ठोक्यांच्या मधे माल बदलायची. ही बया ऐन ठोक्यालाच बदलते, आणि पुढची नेमकी तेव्हाच उचलायला जाते. भाकरी उलटतानाच कुणी तव्यात हात घातला तर दुसरं काय होणार? गार असताना कसंबसं निभतं, तापली की बोंब. सेटिंगमध्ये ठोका उलटा केला की माल पुन्हा मधेच बदलतो आणि काम फत्ते, पण कॉम्प्युटर दुकानात आणि मैत्रेयी स्टेजवर! मी रुमाल भिरकावला, डब्याचं झाकण उपटलं, प्रीतीची कॉलेजची फाईल ओढली आणि वारा घालत सुटलो. चित्र जुळलं. हात थांबला की फुटायचं. आजी पोटभर रडल्या. सेटिंग मी आज बदलून दिलं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
मिलिंद

ता.क. एक सांगायचं राहिलं. गाणं रंगात आलेलं असताना प्रीती मागे येऊन म्हणाली, "किती वेळ घालणार वारा?" टीव्हीचा आवाज मोठा, म्हणून मी ओरडलो, "जन्मभर घालीन, तू फक्त हो म्हण!" बोलण्याच्या नादात हात थांबला. टीव्ही मुका झाला. अख्ख्या चाळीने ऐकलं.

आणखी ता.क. काका एवढंच म्हणाले, "आधी वारा घाल." आता हे हो की नाही? रविवारची वाट बघू नकोस, आजच जाऊन विचार. पण चहाचा घोट घेताना नको, कप खाली ठेवला की मग. काका तसं म्हणाले तेव्हा माझा हात तर उचलेनाच. प्रीतीने फाईल माझ्या हातातून काढून घेतली आणि उरलेलं गाणं संपेपर्यंत तिनेच वारा घातला. तिला काही विचारू नकोस.