भाऊबीजेचा खण

तान्या,

भाऊबीजेला स्वतः आला न्हाईस, साडी धाडलीस, आन तिच्यासंगं चोळीचा खण काहून न्हाई? तुझ्या बायकोला फोन केला तर म्हनली, "आक्का, ऑपरेशनात एक छाती काढली तुमची. खण बघून वाईट वाटंल, म्हणून मुद्दाम ठिवला न्हाई." तिला म्हणावं, छाती गेली, नणंद न्हाई गेली!

हितं उमापूरला येऊन बघ. शेजारची नीलाबाई रोज माझी वेणी घालती आन गावच्या चुगल्या सांगून हसवती. डॉक्टरीणबाईनं शिकवल्यासारखा मी त्या बाजूचा आखडलेला हात भिंतीवर चढवत ऱ्हायले. काल त्याच हातानं वलणीवर वली गोधडी टाकली, तर नीलाबाईनं शिट्टी मारली! शिवांजली शिंपीण म्हनली, "मामी, एका बाजूला कापूस भरून असं ब्लाउज शिवते, नवरी मागं पडंल." मी म्हनलं, "कापूस माझ्याच रानातला भर."

ती मशीन लावून बसलीय. दुकानातला खण मी घेणार न्हाई, भाऊबीजेचा भावानंच द्यायचा असतो. खण घेऊन येतूस, का साडी वापस धाडू? आयतवारच्या आत सांग.

तुझी थोरली भैन,
तुळजा