कँटनला गेलेली बरणी

तीर्थस्वरूप सौ. वाणीमावशींस,

तंजावूरहून शांभवीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? तुमच्या सासूबाईंची प्रकृती उत्तम असणारच. (मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना नको तेवढं दिसतं, असं तुम्हीच म्हणाला होतात.)

त्यांना न विचारता तुम्ही मला वर्गासाठी दिलेल्या चिनी मातीच्या बरणीने काय कमाल केली, ते ऐका. नववीला अमेरिकेचा चीनशी पहिला व्यापार शिकवायचा होता. १७८४ साली न्यूयॉर्कहून जहाज निघालं, पोटात जिनसेंग नावाची औषधी मुळं. चीनच्या कँटन बंदरातून चहा आणि चिनी भांडी घेऊन परतलं. एवढ्यावरच पोरं जांभया देऊ लागली, तेव्हा म्हटलं, बाजारच मांडू. (जिनसेंग इथे कुठलं! आलं नेलं. ते चाखून दोन अमेरिकन ठसक्याने बाद झाले.) मुरलीकृष्ण चिनी व्यापारी झाला आणि तुमच्या पापनाशमहून रोज गाडीने येणारी साईप्रिया जहाजाची कप्तान. मुख्याध्यापक मागच्या बाकावर.

चूक माझीच. सौदा शोभून दिसावा म्हणून पानसुपारी, हळदकुंकू मीच नेलं. मुरलीकृष्ण वळणाचा मुलगा. त्याने ताटात विडा मांडला, त्यावर बरणी ठेवली आणि दोन्ही हातांनी दिली. साईप्रियाने वाकून घेतली, आल्याची पिशवी त्याला दिली. मुख्याध्यापक सर म्हणाले, “रोंब नल्ला! फारच छान!” टाळ्या पडल्या. आता विड्यासकट दिलेली वस्तू कुठल्या तोंडाने परत मागू? तोंड उघडेपर्यंत घंटा झाली आणि बरणी चार-वीसच्या गाडीने गेली. माझ्याकडे उरलं झाकण आणि अर्धा किलो आलं. मावशी, खरंच रडू आलं हो. सासूबाईंच्या आईची बरणी ती!

तुमची,
शांभवी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. विड्यासकट आलेलं भांडं भरून परत करायचं, असं साईप्रियाची आई म्हणते. (बरणी तुमच्या घरची, हे वर्गात मीच सांगून बसले होते.) त्यात लिंबाचं लोणचं घालून शुक्रवारी सकाळी ती तुमच्याच घरी येणार, आणि देणार घरातल्या सर्वांत वडील बाईच्या हाती! तेव्हा दहापर्यंत सासूबाईंना देवळात अडकवा, हव्या तेवढ्या प्रदक्षिणा घाला. (तुमचा फोन कायम स्पीकरवर, म्हणून हे पत्र साईप्रियाबरोबर पाठवतेय. देवनागरी तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला येत नाही.)

आणखी एक : देवळाचं राहू द्या. आत्ताच सासूबाईंचा फोन आला, साईप्रियाच्या अंगणात वाळत घातलेली बरणी त्यांना दिसलीच! शुक्रवारी लोणचं ताब्यात घेऊन त्या दुपारच्या गाडीने माझ्याकडेच येतायत. झाकण धुऊन उन्हात वाळवून ठेव म्हणाल्या, आणि आलंही टाकू नकोस.