गुळवेलीची जागा

४ नोव्हेंबर १९२७, देऊळघाट

पोचलो एकदाचा! बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण मनकर्णाबाईंच्या गरम भाकरीनं सगळं विसरलो. त्यांचे यजमान उत्तमराव पाटील यांच्या नव्या घराच्या सागवानी दाराला काशाची मूठ ओतायची आहे. मी मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला. कमळाचा आराखडा सोबतच आणलाय. माशी शिंकली ती एकाच ठिकाणी. गावातल्या गफ्फार ओताऱ्यालाही मूठ सांगितली आहे. पाटील हसत म्हणाले, "जे चांगली राहीन ते दाराले लावू, दुसरी गोठ्याले." मीही हसलो.

१० नोव्हेंबर

सहा दिवस मेणात एकेक पाकळी कोरतोय. गफ्फार काहीच कोरत नाही! कडुनिंबावरची जिवंत गुळवेल तोडतो, तिच्यावर बारीक माती लिंपतो, साचा भाजतो. वेल आत जळून जाते आणि त्या पोकळीत कासं ओततो. याला काय कला म्हणायचं? पण त्याची एक जुनी मूठ पाहिली. पानाला किड्यानं पाडलेलं भोकसुद्धा जसंच्या तसं. त्यानंतर माझ्या कमळाकडे बघवेना. जळलो मी, खोटं कशाला लिहू.

भाजलेला साचा तो दिवसभरही रिकामा ठेवत नाही. विचारलं तर म्हणाला, "गुळवेल कापली तरी मरत नाही, भाऊ. जाळली तर तिले जागा द्याच लागते."

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

गफ्फार जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. गरम साचा अंगणात. कासं ओतायच्या वाटेत मी मातीचा गोळा खोलवर कोंबला. बोट पोळलं, तेवढंच.

तो आला, त्यानं ओतलं. कासं आत शिरलंच नाही, वरच सांडलं. साचा फोडून त्यानं तो गोळा पाहिला. मग खापऱ्या वेचायला लागला.

२१ नोव्हेंबर

माझं कमळ दाराला लागलं! पाटलांनी मला फेटा बांधला. मनकर्णाबाईंनी मात्र विचारलं, फुलाखाली हा कोंब काऊन काढला? पाहतो तर गुळवेलीचा कोंब. मी केलेला नाही. कानशीनं घासून टाकला.

२२ नोव्हेंबर

आज दोन. घासले. पोळलेलं बोट गार पडलंय. तांब्याला लागलं तर टण्ण वाजलं.

२४ नोव्हेंबर

सात पानं. एका पानाला भोक — तेच. मनगटात कातडीखाली काहीतरी सरकतं. हिरवा डाग धुऊन जात नाही. गफ्फार हात बघून गेला. म्हणाला, ज्यानं वाट बुजवली त्यानं चारचौघांत कबूल करावं, म्हणजे वेल सोडेल.

कबूल करून माझं कमळ गोठ्याला लावू देऊ? आणि त्याची वेल दाराला? मुळीच नाही.

२५ नोव्हेंबर

दाराशी आहे. मूठ धरली ती सुटेना. बोटं कुठली, वेल कुठली — डाव्या हातानं लिहितोय — सगळे जमलेत, गफ्फारही. सांगायचंय, पण जीभ वळत नाही. दाताला लागून वाजते. ओठांतून पान —

लिहूनच देतो. गफ्फारभाई, साच्यात माती मी —