शंखानंतरची पहिली ओळ

मुलींचं होस्टेल, मेडिकल कॉलेज, औरंगाबाद
१८ नोव्हेंबर १९९६

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजीला सांगा, तिच्या चकल्यांवरून इथे भांडणं झाली.

आता केदारनाथकाकांच्या रुद्राणीबद्दल. पाडव्याला मी आणि ती हायवे ओलांडत होतो. ती मधेच थांबली. डोळे उघडे, पापण्या जराशा फडफडत होत्या. ट्रकचा हॉर्न वाजतोय, मी ओरडतेय, तिला पत्ताच नाही! ओढून काढलं, ट्रक हातभरावर येऊन थांबला. दहा-बारा सेकंदांनी अर्धं राहिलेलं वाक्य तिने तिथूनच पुढे चालू केलं.

आजोबा, तुम्ही म्हणता तसं हे ध्यान नाही. ॲब्सेन्स सीझर आहे, फिटचाच लहानपणीचा प्रकार, यात मूल पडत नाही. सरांना विचारून, पुस्तकं काढून मगच लिहितेय. औषधाने बहुतेक मुलं बरी होतात. तिला इथे आणा. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात, दुखत नाही.

शाळा सोडवून, शिवरात्रीला देवळात बसवून लोकांना तिच्या पाया पडू देणार, असं केदारनाथकाका म्हणाले. प्लीज नको. मी गप्प बसणार नाही, आधीच सांगते.

चिडलेली, पण तुमचीच
अपेक्षा

चौसाळा, २६-११-९६

चि. अपेक्षास,
अ. उ. आ. शरणार्थ.

पत्र पावलं. तुला इंग्रजी शाळेत घातलं तवाच तुझी आजी म्हणली होती, ही पुढं आपल्यालाच शिकवील.

तुझ्या काकाची पोर आजारी न्हाई. ताप न्हाई, पडत न्हाई, जेवती चांगली. सांजेच्या आरतीला मी तिच्याकडून शंख फुंकून घेतो. फुंकला की पिंडीसमोर तिची नजर थिजते, ध्यान लागतं. मी चाळीस वर्षं बसतोय, मला एकदा बी तसं लागलं न्हाई. पोरीला आठव्या वर्षी लागतंय, ते तुला फिट दिसतंय. बाई म्हणतात वर्गात लक्ष न्हाई. काहून असंल? चित्त देवापाशी असतं म्हणून. अन् तो ट्रक कुणी थांबवला, ते हाय का तुझ्या बुकात?

बुकावर लोभ ठेव, थोडा देवावर बी ठेव.
रुद्रप्पा

औरंगाबाद, २ डिसेंबर १९९६

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

ट्रक ड्रायव्हरने थांबवला. मग मला ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही.

पण शंखाचं लिहिलंत ते लई बरं झालं! जोरजोरात श्वास घेऊन सोडत राहिलं की हे झटके येतात. डॉक्टर मुद्दाम फुंकायला लावून तपासतात. तुम्ही ती टेस्ट रोज सांजेला करताय!

तिचे कान ठीक आहेत. आवाज मेंदूत पोचतोसुद्धा. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग असतो. कान, डोळे, कातडी, सगळ्यांचे निरोप त्याच्यामार्फत वर जातात. झटक्यात तो आणि वरचा मेंदू एकाच ठेक्यात अडकतात, सेकंदाला तीन ठोके. सगळं गाव लेझीम खेळत असताना वेशीतून कुणी हाक मारली, तर हाक गावात येते, पण ऐकतं कोण?

आता पैज. देऊळ नको, काकांच्या दुकानात पेंडीच्या पोत्यावर बसवा. हातातल्या कागदावर तीन मिनिटं फुंकू द्या. नजर थिजली की कानात एक शब्द सांगा, तुम्हीच निवडा. भानावर आली की विचारा. तिने सांगितला तर शिवरात्रीला मीच पहिली पाया पडेन. नाही सांगितला तर तुम्ही तिला घेऊन यायचं. कबूल?

रागवा, पण पत्र लिहा.
अपेक्षा

चौसाळा, ११-१२-९६

चि. अपेक्षास,
अ. उ. आ. शरणार्थ.

पोत्यावर बसवली. दोन मिनिटांत नजर थिजली, तशीच, जशी देवळात थिजते. समोर पिंड न्हाई, सरकीचा ढीग. कानात जिलबी म्हणायचं ठरवलं व्हतं, पण तोंडातून महादेवाचंच नाव निघालं. तीनदा घेतलं. भानावर आल्यावर विचारलं, तर म्हणली, आजोबा, तुमी कवा बोललात?

ज्यात त्याचं नाव बी ऐकू येत न्हाई, ते ध्यान कसलं? मी आजाराला हात जोडत बसलो अन् पोर ट्रकापुढं उभी ऱ्हायली. शिवरात्रीचा मांडव नको म्हणून सांगितलं. सोमवारच्या एसटीनं तिला घेऊन येतो. स्टँडवर ये.

जिलबी तिला नंतर चारली.
रुद्रप्पा

चौसाळा, २० एप्रिल १९९७

ती. ताईस, शि. सा. न.

औषध रोज घेते. बाई आता रागवत न्हाईत. हायवे आजोबाच हात धरून ओलांडतात, मी मोठी झाले तरी.

ताई, एक गंमत. आधी शंख संपला की मला एकदम आरतीची दुसरी ओळच ऐकू यायची. मला वाटायचं आरती तिथूनच सुरू होते. आता पहिली बी ऐकू येते. ती सगळ्यांना पाठ हाय, मलाच न्हाई. आजोबा शिकवतायत.

तुझी रुद्राणी