हाजी दसूकीच्या गच्चीवरचे दिवे

शनिवार, ३ मे २००८
दुम्यात

आज पोहोचले. मन्सूराहून मिनीबसमध्ये मांडीवर तुपाचा डबा आणि पायाशी दोन बदकं. बदकांनी सगळ्या वाटेत शेजारच्या माणसाचे बूट टोचले. उतरताना तो म्हणाला, की मावशी, लेकीला सांगा, हे बूट तिच्या बाळासाठीच कुर्बान झाले.

नवाराचे दिवस भरत आलेत. पहिली खेप, म्हणून मी आले. पण तिच्या आणि जावयाच्या, फिक्रीच्या, एका खोलीत अर्ध्या जागेत पॉलिशला आणलेल्या खुर्च्या असतात, म्हणून मला समोरच्या हाजी दसूकीच्या गच्चीवरची खोली मिळाली. भाडं नाही, त्याऐवजी काम.

काम असं. हाजीने इंटरनेटची एक लाइन घेतली आहे आणि गच्चीवरून तारा टाकून ती साऱ्या गल्लीला वाटली आहे. माझ्या खोलीत फळीवर एक पेटी आहे, तिला हब म्हणतात. प्रत्येक घराची तार तिच्या एकेका भोकात. शेजारी संगणक. त्यावरच्या प्रोग्राममध्ये त्याच पेटीचं चित्र दिसतं. प्रत्येक भोकाखाली घराचं नाव, नावाशेजारी दिवा. हिरवा म्हणजे घर चालू, राखी म्हणजे बंद. कोणी सिनेमे ओढून बाकीच्यांची लाइन खात असेल तर त्याचा वेग कमी करायचा. एवढंच. हाजी विचारत होता, की बाई, तुम्हाला जमेल का. मी म्हटलं, नवऱ्याचं, सब्रीचं, झेरॉक्सचं दुकान त्याच्या आजारपणात मीच चालवलं, तिथला संगणक याहून खडूस होता.

मी शाळेत गेले नाही. नवाराच्या पहिलीच्या पुस्तकातून तिच्याबरोबरच अक्षरं शिकले, मग मिळेल ते वाचत गेले. सब्री जाऊन बराच काळ झाला, तरी एखादं चांगलं वाक्य आलं की अजून मान वर होते, त्याला ऐकवायला.

गच्चीवर वारा आहे, शेजारी हाजीची कबुतरं आहेत, खाली त्याच्या लाकडाच्या कारखान्यात करवत गाते आहे. इथून नवाराची खिडकी दिसते. ती मघाशी हात हलवत होती. मला इथे आवडणार.

बुधवार, ७ मे

हात बसला. कोणत्या घरात काय चालतं ते दिव्यांवरून कळायला लागलंय. नवाराचं नाव माझ्या खोलीच्या नावाशेजारीच आहे. हाजीने मुद्दाम ठेवलं असावं.

त्याने आज एक रीत सांगितली. ज्या घरात मयत होईल, त्या घराचा दिवा मशिदीच्या भोंग्यावर नाव पुकारलं की आपण बंद करायचा आणि तिसरा दिवस झाल्यावर उघडायचा. सुतकात घरातून गाणीबिणी ऐकू आली तर गल्ली नावं ठेवते, आणि पोरांना कोण आवरणार. त्यापेक्षा आपणच बंद केलेलं बरं. घरचे उलट आभार मानतात. मला ही रीत पटली. सब्री गेला तेव्हा वरच्या मजल्यावर लग्नाची गाणी चालू होती.

रविवार, ११ मे

वाईट झालं.

सकाळी भोंग्यावर पुकारलं, शलबींच्या घरची म्हातारी गेली. बाईचं नाव भोंग्यावर घेत नाहीत, फक्त घराण्याचं घेतात. गल्लीत शलबी दोन आहेत, चुलत भाऊ, मुख्तार आणि बयूमी. मी नवीन. बयूमीच्या आईला दम्याचा त्रास आहे एवढंच ऐकलेलं, म्हणून बयूमीचा दिवा बंद केला. गेली होती मुख्तारची आई.

दुपारी बयूमीची आई, आत्तियात, सज्जात आली आणि समोरून ओरडली, की काय ग नवाराची आई, मला जिवंतपणी पुरलंस का, कुवेतच्या पोराचं बोलणं अर्धवट तुटलं, त्याला वाटेल आई खपली. सगळी गल्ली हसली. मीही हसले. चूल पेटली होती, म्हटलं, खाला, एवढा चहा पिऊन चालू करते. ती म्हणाली, पी बाई, मला कुठे जायचंय.

पेला विसळत होते तेव्हा समोर किंकाळी फुटली.

नवारा म्हणते, दम्याची म्हातारी, जावेच्या मयतीत रडून आलेली. तुझा काय संबंध. खरं आहे. तरी चहा घशाखाली उतरत नाही.

शुक्रवार, १६ मे

आज रिफ़ाईचा दिवा आपोआप राखी झाला. हा हाजीच्या करवतीवर असतो, गल्लीतला सगळ्यात वाह्यात माणूस. भोंगा गप्प होता. मी हात लावला नव्हता. खाली एकदम गलका झाला. कठड्यावरून पाहिलं, तर रिफ़ाई करवतीपाशी आडवा, विजेचा झटका बसलेला, आणि हाजी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होता.

मी आत धावले आणि त्याचा दिवा हिरवा केला. का केला ते माहीत नाही.

खालून टाळ्या ऐकू आल्या. रिफ़ाई उठून बसला होता. शुद्धीवर येताच म्हणे हाजीला विचारलं, की आजची मजुरी कापणार का.

मी हसत परत वळले. पडद्यावर दुसरं घर राखी होतं. पीठगिरणीवाल्याचं. त्यांची सुहैर, दुसरीतली पोर, रोज माझ्याकडे कबुतरं बघायला येते. येत असे. जिन्यावरून पडली. मी पडदा बघत उभी होते तेवढ्यात.

सोमवार, १९ मे

हाजीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, की पेटी जुनी, त्यात भुसा जातो, उन्हाने तापते, दिवे खोटं दाखवतात. फुंकर मारा. मग आवाज खाली करून म्हणाला, की बाईमाणूस एकटं राहिलं की असं होतं, त्यात लेकीची काळजी.

मी पेटी पुसली. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. तारांची भोकं बदलून पाहिली. घराचं नाव तारेमागे जातं आणि दिवा नावामागे.

एक घर उघडलं की दुसरं बंद होतं. मी फक्त कोण ते ठरवते.

बुधवार, २१ मे

नवाराचा राखी झाला.

मी समोरच बसले होते म्हणून. लगेच हिरवा केला. तिची खिडकी उघडी होती, ती भिंत धरून उभी होती. मग सरळ झाली, म्हणाली, चक्कर आली ग. मी पडद्याकडे पाहिलं. कोण गेलं ते पाहिलं. मुख्तारचं घर. तिथे एक आई आधीच गेली आहे, आता मुख्तार.

त्याच्या बायकोचा आवाज येतो आहे. मी कानात बोळे घातले. असं मी कधी केलं नव्हतं.

बुधवार, संध्याकाळी

पुन्हा. पुन्हा हिरवा केला. या वेळी कोण, ते बघितलं नाही. भोंगा सांगेलच.

या बायाबापड्यांनी माझं काय वाकडं केलंय. पण माझी एकच आहे.

सब्री असता तर म्हणाला असता— नाही. तो नाही.

गुरुवार, २२ मे, सकाळ

एक उपाय सुचला. आधी का नाही सुचला. माझ्या खोलीचाही दिवा आहे पेटीत. मी गेले तर हिशेब मिटेल, नवाराला कोणी मागणार नाही. देवाचं नाव घेतलं, चादर नीट केली, माझा बंद केला.

राखी झाला. मी डोळे मिटून पडून राहिले. भीती नव्हती. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

डोळे उघडले तर हिरवा. पुन्हा बंद केला. पुन्हा हिरवा. कितीदा केलं—

मी नकोय त्याला.

गुरुवार, दुपार

गल्लीतून तक्रारी गेल्या, लाइन सारखी तुटते. हाजी वर आला. मी पलंग दाराला लावलाय. तो चिडलेला नाही, तेच वाईट. समजावून सांगतो, की नवाराची आई, यंत्र म्हणजे हट्टी गाढव, एकदा बसू द्यायचं, मग उठवायचं. क्षणभर बंद करू, परत चालू. मी म्हटलं, त्या क्षणात गल्लीत कोण उरेल. बाहेर कोणीतरी हसलं. रिफ़ाई असावा.

पावलं खाली गेली. गेले एकदाचे.

करवत थांबली.

मुख्य बटण खाली कारखान्यात आहे— त्याला दार उघडायची गरजच नव्हती—

दिवे आहेत. पेटी आणि संगणक एकाच बॅटरीवर आहेत. ती टिटी करते आहे.

नवारा आली. एवढे जिने चढून, अशा अवस्थेत. त्यानेच पाठवलं. दाराबाहेर धापा टाकते आहे. म्हणते, आई, उघड, लोक काय म्हणतील.

मी म्हटलं, पायरीवर बस. भिंतीला टेक. बोलत राहा. काय जेवलीस ते सांग.

सांगते आहे. मोलोखियाची पातळ भाजी केली होती. फिक्रीने ढवळली—

टिटी लवकर लवकर होते आहे.

पलीकडचा गेला. पीठगिरणीवाला. खाली कोणी ओरडत नाही. ओरडायला कोणी—

बयूमी. रिफ़ाई. त्याचं हसणं मधेच—

हाजी.

एकेक करून इकडे येतंय. तिचा हिरवा आहे. ती हसते आहे, म्हणते, तुझा नातू लाथा मारतोय, तुझ्यावर रागावलाय. मी एका हाताने तिच्या दिव्यावर माउसचं बटण दाबून धरलंय, म्हणून अक्षर असं—

तो हात सुटला, लिहिता लिहिता. का लिहिते मी—

माझा हिरवा आहे. फक्त माझा—

नवारा. बोल ना ग. मीठ जास्त झालं, मग. मग फिक्री काय म्ह