यांचं नाव

आई, तू असतीस तर हे ऐकून मला फटकावलंच असतंस. मी यांचं नाव घेतलं. उखाण्यात नाही. सिंगापुरात, फोनवर, एका परक्या माणसाला मोठ्यानं सांगितलं.

माझा दिवाळसण तुझ्या लक्षात असेल. मी विळीवर नारळ खवत होते, आणि लाडात येऊन यांना नावानं हाक मारली. तू झारा कढईत तसाच टाकून आलीस. ‘‘जीभ आवर गो! नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं.’’ नुसती रागावली असतीस तर मी विसरले असते, पण तू घाबरली होतीस. तुझी ती भीती मी सासरी नेली आणि पुढे सिंगापुरात सेंगकांगच्या फ्लॅटमध्येही आणली.

हे जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये होते. सकाळी कंपनीची बस यांना घेऊन जायची, मग अकराव्या मजल्यावर मी एकटी. म्हणून खालच्या कम्युनिटी क्लबात इंग्रजी शिकायला जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई चिनी, शाळेतून रिटायर झालेल्या, तोंडानं फटकळ. एकदा फोनवर बोलायचा सराव चाललाय, प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव सांगायचं. व्हिएतनामची सांगते, बर्माची सांगते. माझी पाळी आली तशी मी नाव वहीत लिहून वही पुढे केली. ‘‘फोनवर वही कोण बघणार? से, लाह!’’ सांग की, असं बाई तिथल्या ढंगात म्हणाल्या. मी घसा बसल्याचं सोंग केलं.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील. भर दुपारी ओळखीच्या एका वहिनींचा व्हॉट्सॅपवर मेसेज आला, बेटावर स्फोट झालाय, यांच्याच प्लांटमध्ये म्हणे. यांचा मोबाइल गेटवर जमा असायचा, तो नुसताच वाजत राहिला. मग कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, जखमींची यादी माझ्यासमोर आहे, नवऱ्याचं नाव सांगा. वाटलं, नाव सांगितलं तर माझ्याच तोंडानं मी यांना त्या यादीत घालणार. तो विचारतोय, ‘‘हॅलो? मॅडम? नेम?’’ आणि मला ग्रामपंचायतीचं टेबल दिसतंय. बाबांच्या मृत्यूचा दाखला काढायचा होता. कारकुनानं नाव विचारलं, तर तू मला पुढे ढकललंस. ‘‘बापाचं नाव सांग गो.’’ मी नऊ वर्षांची होते. मी सांगितलं. इथे पुढे ढकलायला कुणी नव्हतं. आणि आई, मला एकदम तुझा राग आला. तू तर जन्मभर बाबांचं नाव घेतलं नाहीस. तरी ते गेलेच ना?

मी नाव सांगितलं. आडनावासकट, बाईंनी शिकवलं होतं तसं एकेक अक्षर सुटं करून. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग दुसरा कागद. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, तेवढं भानच नव्हतं. ‘‘नॉट इन द लिस्ट, मॅडम.’’ मी तिथेच फरशीवर बसले. पण यादीत नाही म्हणजे सापडले नाहीत असंही असेल, हे मागाहून डोक्यात आलं, आणि संध्याकाळपर्यंत मी दारातून हलले नाही. हे आले, बूट काढले आणि म्हणाले, ‘‘अगं, चहा टाक.’’ चहात दोनदा साखर पडली. प्यायले बिचारे.

पुढच्या वर्गात मी नाव खणखणीत सांगितलं. बाई खूश झाल्या. त्यांना काय माहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी बस वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीला चिकटून होते!

आता हे रिटायर झालेत, बाहेर पेपर वाचत बसलेत. नुसते खोकले तरी मला तो फोन आठवतो, वाटतं, त्या दिवशी मी यांचं किती आयुष्य कमी केलं असेल? हे पत्र तुला कुठे पाठवू? एवढं लिहून परत वाचलं, तर यांचं नाव कुठेच नाही. बाबांचंही नाही. लिहायला पेन टेकवलं होतं, पण राहू दिलं. न जाणो.